लिफ्टरची जागा

"मॅडम, शेवंता उडी मारते ना, तेव्हा त्यांच्या मागच्या तिघी पार रेषेपर्यंत मागे सरकतात. नेटजवळ कोणीच राहत नाही. तिथं नुसता हळूच टाकायचा बॉल."

मृदुला धापा टाकत सांगत होती. अकोल्याचं मैदान, विभागीय स्पर्धेचा शेवटचा सामना, तिसरा सेट. आमचे नऊ गुण, समोरच्यांचे तेरा. पंधरा झाले की खेळ संपला. माझ्याकडचा शेवटचा टाइमआउट चालू होता आणि त्यातलीही दहाएक सेकंदंच उरली होती.

मी मृदुलाचे गाल दोन्ही हातांत धरले. "शाब्बास! याला म्हणतात डोकं!" मग शेवंताकडे वळले. "ऐकलंस ना? जोर नाही लावायचा. नुसता टाकायचा. जमेल?"

"हाव मॅडम," शेवंता म्हणाली.

मृदुलाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. कौतुक झालं की ही पोरगी अशीच लाजते, असं मला वाटलं. शिट्टी वाजली.

त्यानंतर आम्ही सलग सहा गुण घेतले. मृदुला बॉल वर द्यायची, शेवंता धावत येऊन अशी उसळायची की समोरच्या पोरी आधीच मागे पळायच्या, आणि मग ती बोटांच्या टोकांनी बॉल नेटपलीकडे सोडून द्यायची. तो टपकन पडायचा. शेवटचा गुण मिळाला तेव्हा मी मैदानात धावले. मृदुलाला म्हणाले, "काय डोकं आहे गं तुझं!" शेवंताला म्हणाले, "काय हात आहे गं तुझा!"

ही गोष्ट शहाण्णव सालची. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि पुसदकडच्या एका गावात मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. मला सगळे पेठकर मॅडम म्हणत. मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ मी शून्यातून उभा केला होता. मृदुला गावातल्या डॉक्टरांची मुलगी. ती आमची लिफ्टर, म्हणजे आलेला बॉल नेटजवळ नेमका उचलून देणारी. कोणाला द्यायचा, किती उंच द्यायचा, समोरच्यांना कसं चकवायचं, हे सगळं लिफ्टर ठरवते. शेवंता राठोड चार किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातून चालत यायची. ती स्मॅशर, बॉल मारणारी.

शेवंताला संघात मीच आणलं होतं. आठवीत असताना ती शाळेच्या आवारात चिंचा पाडायला दगड मारत होती. तो नेम आणि तो हात पाहून मी तिला हाताला धरूनच मैदानावर नेलं. वडील पाठवायला तयार नव्हते, तर मी दोनदा तांड्यावर जाऊन त्यांच्याशी बोलले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे जेवायची आणि मग सरावाला यायची. माझ्या भाचीचे बूट तिला बरोबर बसले होते. स्टाफरूममध्ये कोणी तांड्यावरच्या पोरींबद्दल वेडंवाकडं बोललं, तर मी तिथल्या तिथे त्याचं तोंड बंद करायची. मैदानावर मला फक्त खेळ दिसतो, असं मी अभिमानाने सांगायची आणि ते मला मनापासून खरं वाटायचं.

विभाग जिंकल्यामुळे पुण्याच्या निवड शिबिराला आमच्या दोन मुली पाठवायच्या होत्या. शिबिरातून राज्याचा संघ निवडला जाणार होता. त्याशिवाय चार मुलींना तिथल्याच क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं तिथेच. नावं ठरवायला मला वेळ लागला नाही.

फॉर्म भरायला मी दोघींना खेळाच्या खोलीत बोलावलं. मृदुलाचा भरून झाला आणि ती वर्गात गेली. शेवंताचा भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, उंची. उंची मीच भिंतीला लावून मोजली. एकशे एकावन्न सेंटिमीटर. पुढचा रकाना होता खेळण्याच्या जागेचा. मी 'स्म' लिहिलं आणि शेवंता टेबलाच्या कडेला हात ठेवून म्हणाली, "मॅडम, लिफ्टर लिहा ना."

मी वर पाहिलं. "काय?"

"लिफ्टर. मी उचलते ना बॉल. सराव संपला की आम्ही मागं खेळतो, तवा मीच उचलते. मृदुला मारते."

"ते गमतीत खेळणं वेगळं."

"तिथं लई उंच पोरी येतील मॅडम. मी एवढीशी. मारणाऱ्यांत मले कोण घेईल?"

मी हसले. अगदी प्रेमाने हसले, हे मला आठवतं. "तुझी उडी पाहिली की उंची विसरतील सगळे. आणि हे बघ, लिफ्टरचं काम दिसतं तेवढं सोपं नसतं. सगळं मैदान डोक्यात ठेवावं लागतं. आपल्या सहा आणि समोरच्या सहा. क्षणात ठरवावं लागतं. तू ऐनवेळी गोंधळशील आणि हातची संधी जाईल. तुझ्याकडे देवाने हात दिलाय, तोच दाखव. मी तुझ्या भल्यासाठीच सांगतेय ना?"

तिने टेबलावरचा हात काढून घेतला. "हाव मॅडम," म्हणाली. मी शब्द पूर्ण केला आणि तिने खाली सही केली.

पुण्याला मी दोघींना घेऊन गेले. पहिल्याच सकाळी निवड समितीच्या प्रमुखांनी शंभरेक मुलींचे जागेप्रमाणे गट पाडले. ते उंच, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. स्मॅशर मुलींना त्यांनी नेटसमोर एका रांगेत उभं केलं. नाशिकच्या, कोल्हापूरच्या, मुंबईच्या पोरी. सगळ्या माझ्यापेक्षा उंच. त्या रांगेत शेवंता म्हणजे मध्येच एखादा दात पडावा तशी दिसत होती. प्रमुख रांगेवरून एकदा चालत गेले आणि त्यांनी अकरा मुलींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं. त्यात शेवंता होती. तिने अजून बॉलला हातही लावला नव्हता.

मी धावत त्यांच्याकडे गेले. शेवंताही माझ्या मागोमाग आली.

"सर, हिची उडी तरी बघा. विभागाचा सामना हिने जिंकून दिलाय."

"मॅडम, उडी असेल. पण समोर पावणेसहा फुटी पोरींचा ब्लॉक, हातांची भिंत उभी राहिली की ही काय करणार? अजून दोन वर्षांनी आणखी अवघड होईल." त्यांनी शेवंताकडे वरून खालपर्यंत पाहिलं. तिचे हात पाहिले. मग म्हणाले, "पाय चपळ दिसतात. मला लिफ्टर कमी पडताहेत. एवढ्या उंचीची लिफ्टर मला चालते. लिफ्टिंग करते का ही?"

शेवंताने माझ्याकडे पाहिलं.

तिने स्वतः उत्तर का दिलं नाही, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला विचारत आले. पण प्रश्न मला विचारला होता आणि ती माझी विद्यार्थिनी होती. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे मीच शिकवलं होतं.

"नाही सर," मी म्हणाले. "ती मारते."

"मग राहू द्या," ते म्हणाले आणि पुढच्या गटाकडे गेले.

शेवंता बुटांच्या नाड्या सोडत मैदानाच्या कडेला बसली. मी तिच्याशेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. "उंची काही आपल्या हातात नसते गं. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही मॅडम," ती म्हणाली.

मृदुला तिसऱ्या दिवशी स्वतःहून परत निघाली. तिला घराची आठवण येत होती आणि तिच्या वडिलांना तिला सायन्सला घालायचं होतं. मला फार वाईट वाटलं. एवढं डोकं वाया चाललं म्हणून. एसटीने परत येताना मी सगळा वेळ तिचीच समजूत घालत होते. शेवंता आमच्या पुढच्या बाकावर बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा शेवंता आली नाही. तांड्यावरची बरीच माणसं दर वर्षी ऊसतोडीला पश्चिमेकडे जायची. आधी ती शेजारच्या एका आजीजवळ मागे राहायची. या वेळी आई-वडिलांनी तिला सोबत नेलं होतं. संघाची स्मॅशर गेली, याची मला हळहळ वाटली. आता तिच्या जागी कोणाला घ्यायचं, याचा मी विचार करू लागले.

जानेवारीत मुख्याध्यापकांनी खेळाचा वार्षिक अहवाल मागितला. तारखा आणि गुण हवे होते, म्हणून मी अंजुमची वही मागवली.

अंजुम शेख आमच्याच संघातली. ऑगस्टमध्ये तिचा घोटा मुरगळला आणि तिला हंगामभर बसावं लागलं. बसून कंटाळेल म्हणून मी तिला काम दिलं होतं. कोणाच्या किती सर्व्हिस चुकल्या, कोणी किती मारले, ते लिहायचं. "मैदानावर होईल ते सगळं लिही," मी सांगितलं होतं. अंजुम सरळ मुलगी. तिने सगळं लिहिलं होतं. बारीक, गोल अक्षरात, रोजच्या सरावाची दोन-दोन पानं. त्यात मी काय बोलले तेही होतं.

मी अकोल्याचं पान शोधत होते, पण मध्येच एका ओळीवर नजर थांबली.

"मृदुलाचा बॉल बाहेर गेला. मॅडम: हरकत नाही, कल्पना छान होती."

त्याखाली, "शेवंताचा बॉल बाहेर गेला. मॅडम: अगं, कळत कसं नाही तुला?"

मी पान उलटलं. "मृदुला उशिरा आली. मॅडम: अभ्यास होता का? शेवंता उशिरा आली. मॅडम: तुमच्याकडे घड्याळ बघायची सवयच नाही." तुमच्याकडे. मला तो शब्द उच्चारल्याचं आठवेना. पुढच्या पानावर, "मॅडम मृदुलाला: विचार कर, घाई नको. मॅडम शेवंताला: विचार नको करूस, मार." त्याच्या पुढच्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि अधूनमधून एक ओळ अशी, "मॅडम मला: अंजुम, पाणी आण."

मग अकोल्याचं पान सापडलं.

"तिसरा सेट. ६–१०. आपला पहिला टाइमआउट. शेवंता: मॅडम, मी उडाली की त्या मागं पळतात, पुढं जागा रिकामी राहते, तिथं टाकू का? मॅडम: तू मारण्याकडे लक्ष दे, नसतं डोकं लावू नकोस."

"९–१३. दुसरा टाइमआउट. मृदुला: मॅडम, शेवंता म्हणते तेच बरोबर आहे. शेवंता उडी मारते ना, तेव्हा त्यांच्या मागच्या तिघी मागे सरकतात. मॅडम: शाब्बास, याला म्हणतात डोकं."

मी ते पुन्हा वाचलं. मृदुलाचं पहिलं वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं. ऐकून विसरले असंही नाही. तीस सेकंदांत, कानापासून हातभर अंतरावर उच्चारलेलं ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिने मान खाली घातली ती लाजून नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अंजुमला खेळाच्या खोलीत बोलावलं. वही टेबलावर होती. ती घाबरली. "काही चुकलं का मॅडम? तुम्हीच म्हणाला होतात, सगळं लिही."

"काही चुकलं नाही. पण हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?" तिला खरंच प्रश्न पडला होता. "तुम्हीच तर बोलत होतात."

"शेवंता लिफ्टिंग करायची? सराव संपल्यावर?"

"रोज. मृदुलापेक्षा भारी. मॅडम, ती न बघता मागं द्यायची बॉल." मग म्हणाली, "आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

त्या रविवारी मी तांड्यावर गेले. राठोडांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने सांगितलं, गुढीपाडव्याला येतील. पाडव्यानंतर मी परत गेले. आई-वडील आले होते. शेवंता नव्हती. तिकडेच सोयरीक जमली होती आणि लग्नही झालं होतं. तिच्या आईने मला खाटेवर बसवून चहा दिला. "तुमची लय आठवण काढते," म्हणाली. मी काय सांगायला आले होते, ते मला तिला सांगता आलं नाही. मी चहा प्यायले आणि परत आले.

पुढची बावीस वर्षं मी नोकरीत होते. त्या जूनपासून संघात एक नियम केला. पहिला महिनाभर प्रत्येक मुलगी प्रत्येक जागेवर खेळणार, लिफ्टरच्याही, आणि तोवर मी कोणाची जागा ठरवणार नाही. टाइमआउटमध्ये आधी मुली बोलणार आणि मी शेवटी. कोण काय म्हणाली, ते तिच्या नावासकट मी परत म्हणून दाखवणार. आणि बाहेर बसलेल्या मुलीने वही लिहायची, मुलींची नाही, माझी. दर शनिवारी ती वही मी त्यांच्यासमोर वाचायचे. पहिल्या वर्षी वाटलं, आता सुधारले. दुसऱ्या वर्षी वही वाचताना कळलं की नाही. कोलाम आदिवासींच्या पाड्यावरून आलेल्या एका मुलीला मी महिनाभर नावाने हाकच मारली नव्हती. वही नसती तर मी शपथेवर नाकारलं असतं. पुढे आमच्या संघात चांगल्या लिफ्टर झाल्या, कुठल्या कुठल्या घरांतून आलेल्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीला खेळताना पाहून मला आनंद व्हायचा, आणि त्यामागोमाग दुसरंही काही व्हायचं.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर दिग्रसजवळच्या एका आश्रमशाळेने मुलींच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला मला बोलावलं. मी वेळेआधी पोचले. मुख्याध्यापक म्हणाले, आधी जेवून घ्या. त्यांनी मला भोजनगृहात नेलं. तिथे तीनशे मुलांची पंगत चालली होती. पाच-सहा बायका वाढत होत्या. एक बुटकी, अंगाने भरलेली बाई चुलीजवळून हात पुसत आली आणि माझ्या पायांशी वाकली.

"मॅडम, ओळखलं का?"

मी तिला आवाजावरून ओळखलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीसची शेवंता. ती तिथे नऊ वर्षांपासून स्वयंपाकीण होती. तिने मला एका बाजूला पाट दिला, स्वतःच्या हाताने भाकरी वाढली आणि समोर बसली. नवरा इथेच चौकीदार आहे, मोठी मुलगी नर्सिंग करते, असं सगळं सांगितलं. मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"शेवंता, मला तुला एक सांगायचंय. पुण्याला त्या सरांनी विचारलं होतं, ही लिफ्टिंग करते का..."

"जेवा आधी मॅडम."

"मी नाही म्हणाले. मी चुकले गं. तू करत होतीस. मी पाहिलंच नव्हतं. अकोल्यालाही ते तुझंच होतं आणि मी..."

ती भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं नीट करत होती. ते नीट करून झालं तरी करतच राहिली.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "पुण्याला नाही. त्याच्या आधीच."

"मग बोलली का नाहीस? भांडायचं होतंस माझ्याशी."

"कशी भांडू?" तिने माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड होतं. "तुम्ही मले घरी नेऊन जेवू घालत होत्या. माझ्या बापाशी बोलायला दोनदा तांड्यावर आल्या. दुसरी कोणी असती, हाडहूड करणारी, तर मी भांडली असती तिच्याशी. तोंडावर बोलली असती. तुमच्याशी कशी भांडू, मॅडम? तुम्ही चांगल्या होत्या."

चुलीकडून कोणीतरी तिला हाक मारली. ती उठली. जाताना माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी ठेवून गेली.

समारंभ मैदानावरच होता. मी मंचावर बसले. सूत्रसंचालन करणारे तरुण शिक्षक कागदावरून माझी ओळख वाचत होते. किती वर्षं नोकरी, किती संघ, किती पदकं. शेवटी त्यांनी कागद खाली घेतला आणि ते म्हणाले, "आणि मुलींनो, सर्वांत महत्त्वाचं. पेठकर मॅडमनी आयुष्यात कधी कुठल्या खेळाडूमध्ये भेदभाव केला नाही. मैदानावर त्यांना फक्त खेळ दिसायचा."

टाळ्या सुरू झाल्या. मी बोलायला उठले. मुलींच्या रांगांमागे, भोजनगृहाच्या दारात स्वयंपाकाच्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यात पुढे, पदर खोचून शेवंता उभी होती, आणि सगळ्यांत जोरात तीच टाळ्या वाजवत होती.